मागच्या टायरांचं आयुष्य

६ सप्टेंबर, रविवार

ही वही मी बियांच्या नोंदी ठेवायला आणली होती. टोमॅटो कधी पेरले, मिरची कधी उगवली, एवढंच तीत लिहायचं होतं. पण आज घरात सण होता, म्हणून तोच लिहिते. माझ्या नवऱ्याच्या, फर्गसच्या गाडीला मागचे दोन नवे टायर बसले.

स्ट्रॅथलबिनला रुळांच्या पलीकडे नेलोचं टायरचं दुकान आहे. नेलो साठीचा. लहानपणी बापाबरोबर इटलीहून इथे ऑस्ट्रेलियात आला आणि तेव्हापासून रबरातच आहे. फर्गस त्याच्याकडे जातो तो देवळात गेल्यासारखा. टायर चढत असताना तोंडातून शब्द काढत नाही.

"किती जातील हे?" मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"कोण चालवतंय त्यावर आहे," नेलो म्हणाला. "याच्या आईनं चालवली तर पंचवीस हजार किलोमीटर. यानं चालवली तर पंधरा. क्लबातल्या त्या उंडग्यांच्या हातात दिली तर पाच, आणि वर माझ्याच नावानं बोंब."

"मागच्या जोडीवर मी एकोणीस काढले," फर्गस म्हणाला. लोक आपल्या मुलांचे मार्क सांगतात ना, तसं. आम्हाला मूल नाही. दोनच सीटची गाडी आहे, ते बरंच झालं, असं तोच कधीतरी म्हणतो.

गाडी हिरवी आहे, पस्तीस वर्षांची. इतक्या जुन्या गाडीला वर्षातले नव्वदच दिवस रस्त्यावर यायची परवानगी, तीही जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या सभासदालाच. निघण्याआधी नोंदवहीत तारीख आणि चालवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. फर्गस पुढे किलोमीटरही लिहितो, क्लबाबरोबरच्या तीनशे-चारशेच्या लांब फेऱ्यांचेसुद्धा. ते कुणी मागितलेले नाहीत. तेरा वर्षांच्या वह्या आहेत, सगळीकडे एकच नाव. मी ती गाडी कधी चालवलेली नाही. मला रोपांच्या नर्सरीचा ऑटोमॅटिक ट्रक बरा. या गाडीची मला भीती वाटते, आणि ती तिला कळते.

१८ ऑक्टोबर, रविवार

जवळच्या मॅकल्सफील्ड गावाला जाऊन आलो. बेकरीसमोरून निघताना मागची चाकं जागच्या जागी अशी किंचाळली की बाकावर खिम्याचे पॅटिस खात बसलेल्या दोन बायका दचकल्या. एकीच्या मांडीवर सॉस सांडला. मी खाली मान घालून बसले.

"काय हे, फर्ग?"

"पाय जड पडला." तो हसला. पण कान लाल झाले होते.

तुळस अजून वर आलेली नाही. घरात फर्गसच्या उजव्या सपातेचा फटक फटक असा आवाज येतो. मी म्हटलं, पाय उचलून चाल की, एक्कावन्नाव्या वर्षीच म्हातारा झालास का? नव्या सपाता आणायला हव्यात.

२९ नोव्हेंबर, रविवार

चेरीचा हंगाम लागला. तीन किलो आणल्या. फर्गसच्या पोटरीत गोळे येतात म्हणून रोज एक केळं द्यायला सुरुवात केली आहे. उभ्यानं काम फार करतो. एका मोठ्या स्वयंपाकघराची कपाटं करतोय, चौदा दारं आहेत.

दर महिन्याला तो वीस सेंटचं नाणं टायरच्या खाचेत उभं घालून बघतो. नाण्यावर बदकाच्या चोचीचा प्राणी असतो, प्लॅटिपस. त्याची चोच खाचेत बुडाली तर टायर चांगला, चोच उघडी पडली तर तयारीला लागायचं. आज चोच उघडी दिसली. त्यानं नाणं शर्टाला पुसून पुन्हा घातलं, जणू दोष नाण्याचाच होता.

"बारा आठवडेच झाले ना रे?"

"माल खराब असेल," तो म्हणाला.

आजवर कुठल्याही गोष्टीसाठी त्यानं मालाला दोष दिलेला मी ऐकलेला नाही. लाकडाला तर कधीच नाही.

९ जानेवारी, शनिवार

बेचाळीस डिग्री. डोंगरात आग लावायला बंदी, रोपांवर ओली पोती. आणि अशा दिवशी नेलोनं गाडी वर उचलून आम्हाला खाली बोलावलं. टायर आतल्या कडेनं पार गुळगुळीत झाले होते. एका ठिकाणी रबराखालचे धागे दिसत होते, उसवलेल्या अस्तरासारखे. बाहेरून पाहिलं तर तसे बरे दिसत होते.

"चार हजार तीनशे," नेलो म्हणाला. "फर्गस, तू पोरगी-बिरगी पटवतोयस का? कुणाला दाखवायला एवढा धूर काढतोस?"

"माल खराब आहे तुझा."

"माल तोच आहे, बाबा. वीस वर्षं तोच देतोय." मग नेलो माझ्याकडे वळला. "गेल्या आठवड्यात मी याच्या मागे होतो, लिओनी. हा पाय उचलत नाही. वळण आलं की आपण पाय उचलतो की नाही? हा दाबूनच ठेवतो, आणि मग एकदम काढतो. चाकं बिचारी काय करणार?"

फर्गसनं नव्या जोडीचे पैसे काढून दिले. मी मात्र घरी येईपर्यंत बोलत होते. या वयात हे शोभतं का, उद्या कुणाला उडवशील, तू काय त्या हिरव्या बाईबरोबर लग्न केलं होतंस का. तो सरळ रस्त्याकडे बघत होता. गेटपाशी इतकंच म्हणाला, "बरं. सावकाश चालवीन."

मी जिंकले असं मला वाटलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

काल क्लबाचं वार्षिक जेवण झालं. दर वर्षी तिथे एक ढाल देतात, मागचे टायर सगळ्यांत लवकर संपवणाऱ्याला. लाकडाच्या पाटीवर टक्कल पडलेल्या टायरचा तुकडा. सगळे तिला टकल्या म्हणतात. पाटी आठ वर्षांपूर्वी फर्गसनंच करून दिली होती. तेव्हा म्हणाला होता, "ही माझ्या घरी कधी येणार नाही. टायर खाणारा ड्रायव्हर म्हणजे कच्चा ड्रायव्हर."

काल ती आमच्या घरी आली.

बेव्ह आमच्या क्लबाची अध्यक्ष. सत्तर वर्षांची, आवाज कोंबड्यासारखा. तिनं माईक घेतला. "बायांनो आणि बाप्यांनो! तेरा वर्षं ज्यानं आम्हाला टायर वाचवण्यावर प्रवचनं दिली, त्या महाराजांचा संयम अखेर सुटला आहे! चार हजार तीनशे! क्लबाचा विक्रम! ये रे माझ्या म्हाताऱ्या वळू!"

सगळे टेबल वाजवायला लागले. मीसुद्धा वाजवलं. फर्गस उठला. स्टेजच्या दुसऱ्या पायरीला त्याचा बूट अडकला आणि तो दोन्ही हातांवर पडला. मग तर काय विचारता! शिट्ट्या, आरडाओरडा. कुणीतरी ओरडलं, "याच्या गाडीची किल्ली काढून घ्या रे, किती ढोसलीय!"

त्याचा एकच ग्लास झाला होता. तोही निम्मा टेबलावर होता.

उठून त्यानं ढाल दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि हसला. फोटो छान आला आहे. परत येताना गाडी मी चालवू का विचारलं, तर म्हणाला, "तू? हिला?" मी डावीकडे जाऊन बसले. नवे टायर बसले आहेत. आता जपून चालवतोय हे खरं. फारच जपून. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.

१४ मार्च, सोमवार

सुट्टी होती.

सकाळी गाडी बाहेर काढताना ती थांबली नाही. वाफ्याचं कुंपण तोडून टोमॅटोच्या दोन ओळींवरून पाण्याच्या टाकीला जाऊन टेकली. वेग फार नव्हता, पण मागची चाकं मातीत फिरतच होती. फिरत होती आणि खोल जात होती. पाच मिनिटांपूर्वी मी त्याच ओळीत बसून दांडे बांधत होते. बादली आणायला उठले होते.

मी धावत गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. अठरा वर्षांचा आहेस का, लाज नाही का, मला मारायचंय का. तो हात लांब करून किल्ली फिरवत होता. इंजिन बंद झालं. तो उतरला नाही. दोन्ही हातांनी त्यानं आपली उजवी मांडी धरली आणि पाय उचलून, एखादी वस्तू उचलावी तसा, पेडलवरून बाजूला ठेवला.

"लिओ," तो म्हणाला, "हा येत नाहीये."

"काय येत नाहीये?"

"पाय. मी बोलावतो, तो येत नाही."

टोमॅटोचा वास सगळीकडे पसरला होता. मी दार उघडून तिथेच मातीत बसले.

६ एप्रिल, बुधवार

डॉक्टर म्हणतात, कमरेत नस दबली असेल. खाली वाकून काम करणाऱ्यांना होतं. फोटो काढायचे, मग ॲडलेडच्या मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांची वेळ जूनमधली मिळाली. मी फोनवर त्या मुलीला तीनदा विचारलं, आधीची नाही का? ती तीनदा गोड बोलली.

नस दबली असेल. नस दबलेली बरी असते. माझ्या भावाची दबली होती, दोन महिन्यांत नाचायला लागला.

२३ जून, गुरुवार

नस नाही.

स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरत जातात म्हणाले. पाय, मग हात, मग बाकीचं. औषध एक आहे, ते थोडं लांबवतं. किती, असं फर्गसनं विचारलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "प्रत्येकाचं वेगळं असतं. बहुतेकांना दोन ते तीन वर्षं."

"कोण चालवतंय त्यावर आहे," फर्गस म्हणाला. डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं, पण मला हसता आलं नाही. मी हसायला हवं होतं. त्यानं ते माझ्यासाठीच म्हटलं होतं.

२४ जून, शुक्रवार

डॉक्टरांनी विचारलं होतं, पहिलं लक्षण कधी दिसलं? आम्ही दोघंही म्हणालो, मार्चमध्ये.

आज ही वही मागे चाळली. मिरचीच्या नोंदी शोधत होते असं स्वतःला सांगत चाळली. ऑक्टोबर. सपातेचा आवाज, बेकरीसमोर चाकं किंचाळली. नोव्हेंबर. केळं. जानेवारीत तर नेलोनं माझ्या तोंडावर सांगितलं होतं, हा पाय उचलत नाही. मी ते ऐकलं, आणि वर नवऱ्याला घरापर्यंत झोडपत आणलं.

त्यानं पाय उचलायचं म्हटलं तरी तो उठत नव्हता, हे त्याला तेव्हा ठाऊक होतं का? मी विचारलेलं नाही. "बरं, सावकाश चालवीन" म्हणाला होता. विक्रम म्हणून टाळ्या पडल्या तेव्हा ढाल डोक्यावर धरून उभा राहिला होता.

दुपारी नेलोकडे गेले. ते जुने दोन टायर त्याच्या मागच्या अंगणात अजून होते, पाणी साचलेले. मी आतल्या कडेवरून बोट फिरवलं. धागे बोटाला लागले. नेलो दारात उभा होता. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "कॉफी टाकू?" मी हो म्हटलं. त्यानं ती केली. दोघांनीही प्यायली नाही.

आधी कळलं असतं तर काही झालं असतं का, हेही मी डॉक्टरांना काल विचारलं होतं. ते म्हणाले, नाही. लोकांना या उत्तरानं बरं वाटत असावं. मला वाटलं नाही. निदान मी ओरडले नसते.

१६ जुलै, शनिवार

फर्गसनं लायसन्स स्वतःच परत केलं. कुणी मागायच्या आत. गाडीवर जुनी चादर घातली. पायाला पट्टा बसवला आहे, तो पाऊल वर धरून ठेवतो. घरात आता फटक फटक आवाज येत नाही. मी त्या आवाजाची वाट बघत असते.

उजव्या हातातून स्क्रू निसटतात. मी उचलून दिले तर म्हणतो, राहू दे. नाही दिले तर शोधत बसतो. देऊ की नको हे ठरवण्यातच माझा दिवस जातो.

पाऊस लागून राहिला आहे. कोबीची रोपं तेवढी जोमात आहेत. मी घातलेल्या पाण्यानं काहीतरी वाढतंय, हे बघायला रोज दोनदा जाते.

७ ऑगस्ट, रविवार

बेव्ह आली होती. ढालीवर विजेत्याचं नाव कोरायचं राहिलं होतं, तेव्हा ती परत न्यायला. निदान फोनवर असं म्हणाली होती. आल्यावर ढालीकडे बघेना.

फर्गस कार्यशाळेत होता. बेव्ह स्वयंपाकघरात बसली. केक आणला होता, तो डब्यातच राहिला.

"तो पडला तेव्हा मी माईकवरून काय बोलले ते आठवतंय तुला?"

"सोड ना, बेव्ह."

"मी म्हटलं, बघा, टायरसारखाच हाही घसरतो. साठ माणसं हसली गं. मी हसवलं त्यांना." तिचा कोंबड्याचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आम्ही टाळ्या वाजवल्या, लिओनी."

"मीसुद्धा वाजवल्या."

ती ढाल जाळून टाकते म्हणाली. तेवढ्यात फर्गस दारात आला, काठी टेकत. "खबरदार," तो म्हणाला. "पाटी अस्सल ब्लॅकवुड लाकडाची आहे. नाव नीट कोर, आणि स्पेलिंग चुकवू नकोस. विक्रम आहे तो. या गाढवांतल्या एकाला तरी मोडता येतो का बघू."

बेव्ह हसली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. त्याचा तोल जाईल म्हणून मी मागून त्याला धरून उभी राहिले. तिघं तसेच उभे होतो. बाहेर तिच्या गाडीचा इंडिकेटर चालू राहिला होता.

३ सप्टेंबर, शनिवार

मला कळत नाही याचं काय चाललंय. फोनवरून नेलोला गाडी न्यायला सांगितली आणि मागचे टायर पुन्हा बदलून घेतले! जानेवारीतले होते, निम्मेसुद्धा झिजलेले नव्हते. गाडी पावणेसहा महिने जागची हललेली नाही. आता मी कशालाच काही बोलत नाही.

नेलो गाडी घेऊन आला तेव्हा माझ्या नजरेला नजर देईना.

"हे कडक रबराचे आहेत," म्हणाला. "पकड जरा कमी. पण घसरायच्या आधी कुरकुरतात, सांगतात माणसाला. ते मऊ वाले वळणावर काही बोलत नव्हते, एकदम सोडायचे. हे सावकाश चालवणाऱ्याला चांगले."

"सावकाश! आता तो चालवणार आहे का?"

नेलो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "चाळीस हजार जातील," एवढंच म्हणाला.

वर्षाला नव्वद दिवस. आमच्या दोघांच्या रविवारच्या फेऱ्या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या. मी भांडी घासताना हिशेब करायला लागले, आणि मध्येच सोडून दिला.

बिचारा. बरा होऊन चालवीन असं वाटत असेल त्याला. वाटू दे. कार्यशाळेत गेले आठ दिवस एक लाकडाची पाचर तासतोय, सीटखाली घालायला, पाठीला टेकू म्हणून असेल. एका हातानं तासायचं, म्हणून वेळ लागतो. आज ती बसवली. सीट बरीच पुढे आणि वर आली आहे. त्याचे गुडघे मावतील कसे, देव जाणे.

१८ सप्टेंबर, रविवार

सकाळी चादर काढून ठेवली होती. फर्गस डावीकडच्या सीटवर आधीच बसला होता, टोपी घालून. कसा बसला, कुणाचा आधार घेतला, माहीत नाही. मांडीवर नोंदवही उघडी होती.

"लिही," म्हणाला.

"काय लिहू?"

"तारीख. नाव." त्यानं पेन माझ्याकडे ढकललं. "माझा हात आज नीट नाही."

मी त्याचं नाव लिहायला लागले. पहिलं अक्षर काढलं.

"ते नव्हे, वेडे," तो म्हणाला.

मी बाहेरून फिरून उजवीकडे आले आणि बसले. सगळं माझ्या मापाचं होतं. पाय पेडलवर बरोबर पोचत होते, काचेतून बॉनेटचं टोक दिसत होतं. पाचर मांडीखाली गुळगुळीत होती, कडा घासून गोल केल्या होत्या. मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. तो घाई करत नव्हता.

पहिल्यांदा तीनदा बंद पडली. गेटबाहेर चौथ्यांदा. शेजारच्या कुत्र्यानंसुद्धा भुंकायचं सोडलं. "काही हरकत नाही," तो म्हणाला. "हिला तुझी ओळख नाही अजून." मॅकल्सफील्डच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती. निलगिरीच्या साली रस्त्याभर पडल्या होत्या. पुलापलीकडचं वळण आलं, आणि मी घाबरून पाय तसाच दाबून धरला. मागचे टायर कुरकुरायला लागले.

"पाय उचल, लिओ," तो म्हणाला. अगदी हळू. "जरासाच."

हे शब्द मी त्याला किती महिने ओरडून सांगत होते. मी पाय उचलला. उचलला गेला. गाडी वळली.

"अस्सं," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. बेकरीपर्यंत उघडले नाहीत.

एकतीस किलोमीटर. वहीत तेही लिहिलं.

घरी आल्यावर तो खिडकीतून हात काढून म्हणाला, "बघ बरं किती झिजले." मुठीत वीस सेंटचं नाणं होतं, तळहाताच्या घामानं ओलं झालेलं. मी गाडीच्या मागे जाऊन खाली बसले आणि नाणं खाचेत घातलं. प्लॅटिपसची चोच दिसेनाशी झाली.

"काय गं? दिसतेय का?"

"नाही," मी म्हटलं. "कुठेच काही झिजलेलं नाही."

"मग ये की इकडे."

आले म्हटलं, पण मला तिथून लगेच उठता आलं नाही.